वाचकांचे प्रश्न : नाइट भारी की सामुराई?

मागच्या अंकात जपानी तलवारीबद्दल जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्याची जवळपास सगळी पत्रं त्याच विषयावर आलीत. युरोपातले चिलखतवाले नाइट आणि जपानचे सामुराई, कोण भारी, कोणाचं चिलखत भारी, कोणाची तलवार भारी. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर कायम हा वाद चालू असतो. एक मित्र म्हणतो कटाना, म्हणजे सामुराईची तलवार, कुठलंही चिलखत लोण्यासारखं कापते, दुसरा म्हणतो नाइटसमोर सामुराई पाच मिनिटं टिकणार नाही. काय तो निकाल तुम्हीच द्या.

उत्तर : पहिल्या मित्राला सांगा, कटाना पोलादी पत्रा कापत नाही. कुठलीच तलवार कापत नाही, युरोपातलीही नाही. १५व्या शतकातल्या छातीच्या पत्र्याची जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटर, आणि तो सपाट नसतो, मुद्दाम फुगीर ठोकलेला असतो, म्हणजे वार बसला तरी पातं घसरून बाजूला जातं आणि धार बोथट होते ती वेगळीच. सामुराईंनाही हे पक्कं माहीत होतं, कारण त्यांच्या समोरचा शत्रूसुद्धा चिलखत घालूनच यायचा ना.

दुसऱ्या मित्राला विचारा, कुठलं साल? कारण मध्ययुग म्हणजे हजारेक वर्षांचा काळ आहे आणि त्यात दोन्हीकडे सगळंच बदलत गेलं. ११८० चं दशक घ्या. जपानात तायरा आणि मिनामोतो घराण्यांचं युद्ध पेटलेलं, आणि तेव्हाचा सामुराई म्हणजे आधी घोड्यावरचा तिरंदाज, तलवार कमरेला असायची पण खरा मान धनुष्याला. युरोपातला नाइट त्या काळात साखळीचं चिलखत घालून, ढाल घेऊन, भाला काखेत दाबून घोडा फेकायचा. मोकळ्या मैदानात तिरंदाजाने अंतर राखलं तर नाइटची पंचाईत आहे असं वाटतं खरं, पण ११९१ साली पॅलेस्टाइनमधल्या अर्सुफकडे जाणाऱ्या क्रूसेडवाल्यांचं, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या युरोपीय सैन्याचं, वर्णन त्यांचा शत्रू सुलतान सलादिनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने करून ठेवलंय, त्यात पायदळातले लोक पाठीत बाण रुतलेले, काहींच्या तर दहा-दहा, आणि तरी रांग न मोडता चाललेत असं आहे. साखळीखाली जाड नमद्याचं अस्तर असायचं, बाण त्यातच अडकून बसायचा. म्हणजे तिथेही निकाल सरळ नाही.

१४५० म्हणाल तर माझा पैसा नाइटवर. मिलानमध्ये बनलेलं, अंगाच्या मापाचं, डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत त्या काळात युरोपाबाहेर जगात कुठेच नव्हतं, आणि हे मान्य करायला सामुराईच्या फॅन लोकांनी एवढं वाईट वाटून घेऊ नये. आणि १६०० म्हणाल तर बंदूक ज्याच्या हातात तो जिंकला, दोन्हीकडे.

प्रश्न : नाइट एकदा पडला की त्याला उठता यायचं नाही, घोड्यावर चढवायला क्रेन लागायची असं ऐकलंय. खरं का?

उत्तर : अजिबात नाही, पण हे जाता जात नाही बघा. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलो भरायचं. आजचा सैनिक यापेक्षा जास्त ओझं पाठीवर घेऊन चालतो, आणि इथे तर ते पाठीवर नसतं, सगळ्या अंगावर वाटलेलं असतं. आत एक जाड शिवलेली बंडी असते, तिला मेण लावलेल्या नाड्या शिवलेल्या, हाताचे पत्रे त्या नाड्यांनी बांधायचे, पायाचं वजन कमरेवर टाकायचं, आणि खांदा, कोपर, गुडघा इथे पत्रे एकमेकांवर सरकतील असे रिव्हेटने जोडलेले. चांगल्या कारागिराचं चिलखत घालून माणूस पळतो, बसतो, लोळतो, उठतो.

बुसिको नावाचा फ्रेंच मार्शल होता, १३६६ ते १४२१ हा त्याचा काळ. त्याच्या चरित्रात त्याच्या सरावाचं वर्णन आहे, चिलखत घालून कोलांट्या मारायचा, भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी लटकत वर चढायचा. चरित्रकाराने थोडं मीठमसाला लावला असेल असं धरून चालू, तरी क्रेनची गरज पडणारा माणूस हा नव्हे. आता गंमत अशी की हाच बुसिको १४१५ ला फ्रान्समधल्या अॅजिनकोर्टच्या लढाईत, चिखलात, इंग्रजांच्या हाती सापडला आणि कैदेतच मेला. म्हणजे चिलखतात हलता येतं, पण नुकत्या नांगरलेल्या ओल्या शेतातून, वरून बाणांचा मारा चालू असताना, मागून आपलीच माणसं ढकलत असताना, कितीही तयारीचा गडी असला तरी दमतोच.

दमण्याबद्दल २०११ साली लीड्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी छान प्रयोग केला, चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं पळवलं आणि त्यांचा श्वास मोजला. चालायला नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद लागत होती. कारण पायावरचं लोखंड, प्रत्येक पावलाला ते उचलायचं, तेवढंच वजन पाठीवर असतं तर कमी दमला असता, आणि छाती आवळलेली असल्याने खोल श्वास घेता येत नाही. तेव्हा अडचण वजनाची कमी आणि दमाची जास्त.

क्रेनवाली समजूत बहुतेक स्पर्धेच्या चिलखतावरून आली असावी, ते ४० किलोच्या आसपास जायचं, पण ते घालून लढाईला कोणी जायचं नाही, तो फक्त भाल्यांच्या खेळाचा पोशाख.

प्रश्न : जपान्यांनी छोट्या छोट्या पट्ट्या दोरीने बांधून चिलखत का केलं? सरळ मोठा पत्रा का नाही ठोकला? लोखंड नव्हतं म्हणून का?

उत्तर : लोखंड नव्हतं हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं, मला ते पटत नाही. १६व्या शतकात गरज पडली तेव्हा याच लोकांनी ढिगाने बंदुका बनवल्या, छातीला मोठ्या पट्ट्यांचे पत्रेही बनवले. म्हणजे जमत होतं. खरं कारण काम काय करून घ्यायचंय त्यात आहे.

ओ-योरोई हे जुनं भारी चिलखत बघा. बोटभर लांबीच्या छोट्या पट्ट्या, काही लोखंडाच्या काही कच्च्या चामड्याच्या, जिथे मार बसण्याची शक्यता जास्त तिथे लोखंड आणि बाकी ठिकाणी चामडं म्हणजे वजन आटोक्यात. प्रत्येक पट्टीला भोकं, एकीवर दुसरी अर्धी चढवून ओळ बांधायची, त्या ओळीवर लाखेचे थर द्यायचे म्हणजे दमट हवेत गंज लागत नाही, आणि मग अशा ओळी एकाखाली एक रेशमी दोऱ्यांनी ओवायच्या. एका चिलखतात अशा हजाराच्या वर पट्ट्या. बाण लागला की एका जागी धक्का न बसता तो पट्ट्या आणि दोऱ्यांमध्ये जिरतो. खाली चार बाजूंना चार झालरी, खोगिरावर बसलं की मांड्यांवर बरोबर पडतात. छातीवर पुढून एक गुळगुळीत चामडं ताणून बसवलेलं, कशासाठी, तर धनुष्याची दोरी पट्ट्यांत अडकू नये म्हणून! उजव्या खांद्यापुढचं झाकण लवचिक, कारण त्या हाताने दोरी ओढायची, आणि डाव्या बाजूचं एकसंध कडक, कारण तो हात पुढे धरलेला असतो आणि तिथे बगल उघडी पडते. नखशिखांत तिरंदाजासाठी विचार करून केलेली वस्तू आहे ही. मला विचाराल तर दिसायला युरोपातलं काहीच याच्या जवळपास जात नाही.

पण खाली उतरून चालायला लागलं की हाल. ३० किलोच्या आसपासचं हे खोकं सगळं खांद्यावर लटकतं. म्हणून पायी लढणाऱ्यांसाठी अंगालगत बसणारं दो-मारू आलं आणि पुढे बड्या लोकांनीही तेच उचललं. आणि त्या रेशमी दोऱ्या, दिसायला सुंदर, पण मोहिमेवर पावसात भिजल्या की जड होणार, वाळायचं नाव नाही, थंडीत गोठणार, वर घाण आणि उवा. १६व्या शतकात लढाया मोठ्या झाल्या, बंदुका आल्या, तेव्हा मोठ्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेलं, कमी दोऱ्यांचं नवीन चिलखत आलं, त्याला तोसेई-गुसोकू म्हणतात.

युरोपाची वाट वेगळी. तिथे आधी वीस-तीस हजार कड्यांचं साखळीचं चिलखत, कड्या रिव्हेटने जोडलेल्या. तलवारीच्या धारेला ते उत्तम, पण काखेत दाबलेला भाला घोड्याच्या वेगाने आला किंवा जवळून क्रॉसबोचा (आडव्या यांत्रिक धनुष्याचा) बाण आला की कडी फुटायची. मग कापडाच्या आत पत्रे शिवायला लागले. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीजवळ १३६१ ला लढाई झाली, मेलेल्यांना तसंच चिलखतासकट पुरलं, त्या खड्ड्यांतून या मधल्या टप्प्याची चिलखतं निघालीत. दरम्यान पाणचक्कीवर चालणारे मोठे घण, मोठ्या भट्ट्या आल्या, लोखंडाचे मोठे गोळे मिळायला लागले, आणि १४०० च्या पुढे मिलान, ऑग्सबर्ग, न्यूरेंबर्ग या शहरांत पूर्ण पत्र्याचं चिलखत बनवणाऱ्या घराण्यांची चलती झाली.

प्रश्न : सामुराईची ढाल कुठे गेली?

उत्तर : खांद्यावर. त्यांच्या दोन्ही खांद्यांना ते मोठे चौकोनी पडदे लटकलेले दिसतात ना, त्याच ढाली. धनुष्याला दोन्ही हात लागतात, मग ढाल धरणार कशी? जमिनीवर उभ्या करायच्या लाकडी फळ्यांच्या ढाली पायदळाकडे होत्या. आणि नाइटने पण पूर्ण पत्रा अंगावर आल्यावर ढाल सोडूनच दिली, दोन्ही हातांनी हत्यार धरता यायला लागलं.

प्रश्न : तलवार जर चिलखत कापतच नाही तर हे लोक लढायचे कसे? मग इतक्या तलवारी बनवल्या कशाला?

उत्तर : हा खरा प्रश्न! इथेच दोन्हीकडचे लोक इतके सारखे निघतात की बास, माझ्या मते सगळ्या विषयात बघण्यासारखं हेच आहे.

चिलखताला सांधे असतात, फटी असतात. काख, कोपराची आतली बाजू, मनगट आणि तळहात, मांडीचा वरचा आतला भाग, गुडघ्याची मागची बाजू, डोळ्यांची फट, हनुवटीखाली. तिथे टोक घालायचं, एवढंच. इटलीत फिओरे देई लिबेरी नावाचा उस्ताद होता, १४०९-१० च्या सुमाराचा त्याचा सचित्र ग्रंथ आहे, त्यात चिलखतातली तलवारबाजी वेगळी दाखवलीय. उजवा हात मुठीवर आणि डावा हात चक्क पात्याच्या मध्यावर. तलवार आता आखूड भाला झाली, टोक नेमकं काखेत घालता येतं, आणि अडकलं तर तरफेसारखं वापरून समोरच्याला पाडता येतं. हात कापत नाही का? घट्ट धरलं आणि पातं हातातून सरकू दिलं नाही तर नाही कापत, वर हातमोजाही असतो. जर्मन उस्ताद टालहॉफरच्या १४६७ च्या हस्तलिखितात तर तलवार उलटी धरून, दोन्ही हात पात्यावर, मुठीच्या आडव्या दांड्याने डोक्यात घाव घालतानाची चित्रं आहेत. बघताना हसू येतं पण शिरस्त्राणावर हातोडा बसल्यासारखाच तो बसणार. बाकी पायी लढणाऱ्या नाइटचं आवडतं हत्यार म्हणजे पोलअॅक्स, लांब दांड्यावर एकीकडे कुऱ्हाड किंवा हातोडा, दुसरीकडे चोच, वर अणी.

आणि शेवट? शेवट कुस्तीवर. धरायचं, पाडायचं, छातीवर बसायचं आणि रॉन्डेल नावाचा जाड सुईसारखा खंजीर फटीतून आत.

आता जपानात चला. चिलखतातली तलवारबाजी तिथेही वेगळीच शिकवत. साध्या कपड्यातलं ते डोक्यावर तलवार उचलून मारणं इथे चालत नाही, शिरस्त्राणाचे पंखे आणि शिंगं मध्ये येतात, म्हणून पाय फाकवून खाली बसल्यासारखं उभं राहायचं, तलवार बाजूला किंवा खांद्याजवळ धरायची आणि निशाणा कुठे, तर काख, मनगटाची आतली बाजू, मान, मांडीचा आतला भाग. तीच यादी! कातोरी शिंतो-र्यू ही १५व्या शतकापासून चालत आलेली शाळा आजही आहे, त्यांच्या हालचाली नीट बघितल्या की वार कायम या जागांवर जातात हे लक्षात येतं. आणि शेवट परत कुस्ती, तिला कुमिउची म्हणतात, आणि परत आखूड जाड पात्याची कट्यार, योरोई-दोशी. एकमेकांचं नावही न ऐकलेली ही माणसं एकाच उत्तरावर येऊन पोचली कारण माणसाचं कोपर आणि काख सगळीकडे तिथेच असते.

रणांगणावर मुख्य हत्यार दोन्हीकडे भालाच. स्विस पायदळाने पाच-साडेपाच मीटरचे भाले घेऊन १४७६-७७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सची घोडदळासकट वाट लावली, शेवटच्या लढाईत नान्सीला तो स्वतः मेला. १६व्या शतकातला जपानी सरदार ओदा नोबुनागा, त्याचे पायदळवालेसुद्धा साधारण तेवढ्याच किंवा त्याहून लांब भाल्यांनिशी उभे राहायचे. तलवार म्हणजे भाला मोडला, हातातून गेला, गर्दी फार जवळ आली की काढायची गोष्ट. शिवाय ती रोज कमरेला राहते, भाला घेऊन कोणी दरबारात जात नाही, म्हणून प्रतिष्ठा तिला मिळाली.

फरक कुठे असेल तर शत्रू खाली पडल्यावर. युरोपात तो श्रीमंत असेल तर त्याला मारण्यात तोटा, जिवंत धरला की खंडणी. १३५६ ला पॉइतियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा जॉन दुसरा इंग्रजांनी पकडला आणि त्याच्या सुटकेची रक्कम ठरली ३० लाख सोन्याची नाणी. जपानात उलट, बक्षीस पाहिजे तर डोकं आणून दाखवा, लढाईनंतर ती धुऊन, केस विंचरून, नावाची चिठ्ठी लावून सेनापतीसमोर मांडली जायची. म्हणून तिथे शरण जाण्यात फारसा अर्थ नव्हता. मला वाटतं चिलखतापेक्षा या हिशोबाने लढण्याची पद्धत जास्त ठरवली.

प्रश्न : कटानाचं पोलाद हजार वेळा घडी घालतात म्हणे, म्हणून ती जगात भारी.

उत्तर : हजार वेळा नाही, साधारण दहा-पंधरा वेळा. दर घडीला थर दुप्पट होतात, दहाव्या घडीलाच हजाराच्या वर गेले. आणि हे हौसेने नाही, लोखंडाच्या वाळूपासून भट्टीत जे पोलाद निघतं त्यात मळी असते आणि कार्बन कुठे जास्त कुठे कमी असतो, घडी घालून ठोकून ते एकसारखं करायचं. पुढे पाठीला चिकणमातीचा जाड थर आणि धारेला पातळ देऊन पाण्यात बुडवतात, धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. धार अप्रतिम लागते, यात वादच नाही. पण कडक धारेचा तुकडा पण उडतो आणि मऊ पाठ वाकली की वाकलेलीच राहते, युरोपातली लांब तलवार वाकून परत सरळ होते. वजनाला दोन्ही सव्वा-दीड किलोच्या आतबाहेर. नाइटची तलवार दहा किलोची असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

प्रश्न : हे दोघे कधी खरंच समोरासमोर आले होते का?

उत्तर : नाइट आणि सामुराई असे नाही. जवळात जवळ म्हणजे १५८२ ला फिलिपिन्समध्ये कागायानला, कॅप्टन हुआन पाब्लो दे कारिओनच्या स्पॅनिश तुकडीने समुद्री चाच्यांना हाकललं, त्या चाच्यांत जपानी होते. इंटरनेटवर त्याचं "स्पॅनिश विरुद्ध सामुराई" झालंय, पण ती मिसळ टोळी होती, सामुराईंचं सैन्य नव्हे.

चिलखतं मात्र एकमेकांना भेटली. १५४३ ला पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले, १५७५ ला नागाशिनोच्या लढाईत नोबुनागाने बंदुकधारी पायदळाच्या जोरावर शत्रू ताकेदा घराण्याचं घोडदळ झोपवलं, आणि बड्या सरदारांना गोळी झेलणारा पत्रा पाहिजे झाला. मग युरोपातून आलेले छातीचे पत्रे घेऊन त्याला जपानी झालर आणि बाह्या जोडायची फॅशन आली. पुढे जपानचा शोगुन, म्हणजे खरा सत्ताधीश, झालेल्या तोकुगावा इएयासूकडे असं चिलखत होतं. कारागीर चिलखतावर गोळी मारून बघायचे आणि पडलेला खड्डा तसाच ठेवायचे, गिऱ्हाइकाला खात्री म्हणून. युरोपातले कारागीर नेमकं तेच करत होते. तिथे गोळीसाठी पत्रा जाड होत गेला, वजन वाढलं, मग सैनिकांनी आधी पायाचे पत्रे टाकले, मग हाताचे.

उलट दिशेनेही चिलखत गेलं. १६१३ ला तोकुगावांकडून इंग्लंडच्या राजा जेम्ससाठी जपानी चिलखतं भेट म्हणून इंग्रज कप्तान जॉन सॅरिसबरोबर जहाजाने पाठवली, नारा शहरातल्या इवाई योझाएमोनने बनवलेली. ती ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात अजून आहेत.

प्रश्न : सामुराईच्या मुखवट्याला मिशा कशाला?

उत्तर : घाबरवायला आणि रुबाबाला. पण मुखवटा नुसता नाटकी नव्हता. शिरस्त्राणाची दोरी थेट हनुवटीवर आवळली तर कातडी सोलवटते, मुखवट्याच्या हनुवटीला त्या दोरीसाठी खुंट्या असतात, आणि खाली एक छोटं भोक ठेवलेलं असतं, आत साचलेला घाम गळून जायला.